वारिको बंदरातला नांगर

थ्रासीवुलोस कप्तानाने सुट्टीसाठी शिडाची बोट भाड्याने घेतली, तेव्हा त्याच्या बायकोने, पागोनाने, एकच प्रश्न विचारला. "रविवारी अकराच्या आत आस्प्रोनिसीला पोचू ना?"

रविवारी अकराला तिथल्या देवळात त्यांच्या नातीचा बाप्तिस्मा होता. एकतीस वर्षं मोठी प्रवासी बोट हाकलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कोळ्याला पोहता येतं का विचारण्यातला प्रकार. कप्तान म्हणाला, "मी काय तिकीट काढून जाऊ? आठ दिवस बेटं दाखवत नेतो तुम्हाला आणि वेळेवर पोचवतो."

पागोनाला अनुभव होता. एकुलत्या एका लेकीचा, एवान्थियाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हा समुद्रावर. शाळेचा पहिला दिवस, हा समुद्रावर. लग्नाला पोचला तो वऱ्हाड जेवून नाचायला लागल्यावर. यंदा लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "बाबा, तुझ्यासाठी थांबणार नाही. अकरा म्हणजे अकरा." ते कप्तानाला फार लागलं होतं. तो बोलून दाखवत नव्हता, इतकंच.

आठवडा छान गेला. कप्तानाने निळी टोपी एकदाही उतरवली नाही, आणि पागोनाचा भाऊ मेनेलाओस, जो पेशाने दातांचा डॉक्टर, तो दोनच वेळा ओकला. शनिवारी दुपारी ते वारिको बेटाच्या चिमुकल्या बंदरात शिरले, ते सगळ्यांच्या आधी. इथे रीत सरळ आहे. समोर नांगर टाकायचा आणि मागे येत येत बोटीची पाठ धक्क्याला लावायची. पण मोठी बोट लावताना नांगर बंदराच्या पार पलीकडून टाकावा लागतो, आणि कप्तानाच्या हाताला एकतीस वर्षांची तीच सवय. त्याने तसाच टाकला. सत्तर मीटर साखळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बंदरात तिरपी पसरली.

"जास्त नाही होत?" मेनेलाओसने विचारलं.

"तू दात बघ."

संध्याकाळपर्यंत आणखी आठ बोटी आल्या. कप्तान पेला हातात घेऊन बोटीच्या टोकावर उभा राहिला आणि न विचारता प्रत्येकाला शिकवत सुटला. अहो इथे नको, तिथे टाका, सोडा आता, शाब्बास. आठही जणांनी वडीलधारं माणूस म्हणून ऐकलं. आठही नांगर त्याने बोट दाखवलं तिथे पडले, आणि आठही साखळ्या त्याच्या साखळीवर बसल्या.

रविवारी सकाळी सातला त्याने नांगर वर घ्यायला सुरुवात केली. साखळी थोडी वर आली, थांबली, आणि तिच्याबरोबर शेजारच्याची साखळी वर आली. शेजारी तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन बाहेर आला. कप्तानाने त्याला समजावलं, की तुमचा नांगर चुकीच्या जागी पडलाय.

"तुम्हीच टाकायला लावलात ना?" शेजारी ब्रश काढून म्हणाला.

त्याने नांगर काढला, तर तिसऱ्याचा अडकला. तिसऱ्याचा काढला, तर चौथा आणि पाचवा हातात हात घालून वर आले. मोकळ्या झालेल्या बोटींना उभं राहायला जागा नाही, म्हणून त्या बंदरात गोल गोल फिरू लागल्या. त्यात वारा सुटला. धक्क्यावर कॉफी पिणारे म्हातारे खुर्च्या पुढे ओढून बसले आणि सल्ले देऊ लागले, आणि कप्तानाला पहिल्यांदाच कळलं की न मागितलेला सल्ला ऐकायला कसा लागतो. तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला. साडेनऊ वाजले. शिडाच्या बोटीने आस्प्रोनिसी तीन तास. हिशेब करायची गरज नव्हती.

तेवढ्यात भोंगा वाजला. बंदराच्या तोंडाशी प्रवासी बोट येऊन उभी होती. त्याचीच जुनी बोट. आता तिचा कप्तान होता लाम्ब्रोस, ज्याला थ्रासीवुलोसने दहा वर्षं हाताखाली तंबी देऊन तयार केला होता. आत नऊ बोटींचा गुंता, त्यामुळे तिला धक्क्याला लागता येईना. अर्धा तास ती भोंगा वाजवत बाहेर तिष्ठत राहिली.

शेवटी गुंता सुटला. पागोनाने बाप्तिस्म्याला वाटायच्या साखरबदामांचा डबा काखेत मारला आणि पर्समधून प्रवासी बोटीची दोन तिकिटं काढली.

"ही कधी काढलीस?" कप्तानाचा चेहरा उतरला.

"तू बोट भाड्याने घेतलीस त्याच दिवशी. चल. ही शिडाची बोट मेनेलाओस सांभाळेल."

प्रवासी बोटीवर सगळे बंदर अडवणाऱ्या गाढवाच्या नावाने खडे फोडत होते. एक बाई सांगत होती, की तिने डोळ्यांनी पाहिलं, निळ्या टोपीवाला म्हातारा होता. कप्तानाने टोपी हळूच साखरबदामांच्या डब्यात सारली आणि म्हणाला, "असल्यांच्या हातात बोट देऊच नये."

कोपऱ्यात एक पाद्री घड्याळाकडे बघून उसासे टाकत होता. अकराला आस्प्रोनिसीला बाप्तिस्मा आहे, तो म्हणाला, आणि लोक ताटकळत असतील. कप्तान ताठ झाला. पाद्रीच इथे, म्हणजे आपल्याशिवाय काही सुरू होत नाही. त्याने खुशीत पाद्र्याला कॉफी पाजली.

मग कर्ण्यावरून लाम्ब्रोसचा आवाज आला. "उशिराबद्दल क्षमस्व. वारिकोत नांगर गुंतले होते. आज आपल्या बोटीवर कप्तान थ्रासीवुलोस आहेत. एकतीस वर्षं त्यांनी ही बोट चालवली. नांगर कसा टाकायचा, ते मला त्यांनीच शिकवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बाईने मात्र टाळ्या थांबवल्या आणि कप्तानाच्या रापलेल्या चेहऱ्यावरच्या, टोपीखाली झाकून पांढऱ्याच राहिलेल्या कपाळाकडे बघितलं. मग चिखलाच्या पँटकडे. पाद्र्यानेही बघितलं.

देवळाच्या दारात एवान्थिया बाळाला घेऊन उभी होती. सव्वाअकरा वाजले होते.

"पाद्री माझ्याबरोबर आलेत," कप्तान लांबूनच म्हणाला. "यांच्याशिवाय कसं सुरू करणार होतीस?"

"वेळेवरच येत होतो मी, मुली," पाद्री म्हणाला. "यांनी अडवलं. मला, बोटीला आणि अख्ख्या बंदराला."

एवान्थियाने आईकडे पाहिलं. पागोनाने होकारार्थी मान हलवली. कप्तान खाली बघत उभा राहिला. आता ऐकून घ्यायचं, त्याने ठरवलं होतं. एकतीस वर्षांचं एकदम.

"अख्खं बंदर?" एवान्थियाने विचारलं.

"लवकर निघायचं होतं गं. म्हणून."

तिने बाळाला त्याच्या चिखलाच्या हातांत दिलं. "पाद्र्याला अडवून ठेवायचं हे माझ्या वेळी सुचलं असतं, बाबा, तर माझ्याही बाप्तिस्म्याच्या फोटोत दिसला असतास."

कप्तानाला आयुष्यात पहिल्यांदा काही शिकवायला सुचलं नाही. त्याने नातीला छातीशी घेतलं आणि तो पाद्र्याच्या मागोमाग आत गेला.