टेंबे काकांचा अभिप्राय

शेजारच्या टेंबे काकांनी आमच्या गृहप्रवेशाच्या सत्यनारायणाला साडेतीन तारे दिले होते. प्रसादाचा शिरा तोंडात टाकून, डोळे मिटून ते जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "शिऱ्याला चार. गुरुजी पोथी फोनवरून वाचत होते, त्याचा अर्धा कापला. एकंदरीत साडेतीन. सुधारणेला वाव आहे." गुरुजी तेव्हा शेजारीच चपला घालत होते.

आम्ही नुकतेच अमेरिकेत चँडलरला राहायला आलो होतो. मी नागपूरची, नवरा पुण्याचा. दोघांच्याही ऑफिसात रोज कोणी ना कोणी आमच्या कामाला मार्क देत असतं, त्यामुळे शेजारीही तेच सुरू झालं म्हटल्यावर मी धास्तावले. विजयाकाकूंनी, म्हणजे टेंबे काकांच्या पत्नीने, मला स्वयंपाकघरात गाठलं आणि शांतपणे सांगितलं, "मनावर घेऊ नकोस. आमच्या लग्नाचे फोटो बघतानासुद्धा हे मांडवाचं लायटिंग तपासतात."

काकांचा जन्म गेला कॉम्प्युटरच्या चिप तपासण्यात. मिरजेहून शिकून अमेरिकेत आले आणि निवृत्त होईपर्यंत एका कंपनीच्या टेस्टिंग विभागात होते. इतर लोक वस्तू बनवत, काका त्यात खोट काढत. "चिप पास झाली म्हणजे ती चांगली आहे असं नाही," ते म्हणत. "फेल व्हायचं कारण आम्हाला अजून सापडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ." निवृत्तीनंतर चिपा हातून गेल्या आणि मग टोस्टर, गादी, दंतवैद्य, विमानतळावरची खुर्ची असं जे समोर येईल ते काका तपासू लागले. मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यावर इंग्रजीत सविस्तर अभिप्राय लिहायचे, आणि तो लिहून झाल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत.

मराठी मंडळाने गणपतीनंतर एकदा सगळ्यांकडून अभिप्राय मागवले होते. काकांचा वाचल्यावर पुढच्या वर्षीपासून ती पद्धत बंद झाली. लोक त्यांना नमस्कार करत, पण त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे. काकूंचं तसं नव्हतं. त्यांचं भजनी मंडळ, त्यांच्या मैत्रिणी, दर रविवारी कोणाकडे तरी जाणं. काका त्यांना सोडायला जात आणि गाडीतच बसून राहत.

एका शनिवारी सकाळी ते आमच्या दारात आले तेव्हा मला वाटलं, आमच्या हिरवळीत काहीतरी खोट निघाली. पण ते आत येऊन बसले आणि टीपॉयवरचा पेपर उगाच सरळ करत राहिले.

"मृणाल," शेवटी ते म्हणाले, "एक माणूस उत्तर देत नाहीये."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, फोनवर सिनेमा बघायची सोय झाली नव्हती तेव्हा, गाणी आणि व्हिडिओ दोन्ही चालतील असा खिशातला प्लेअर बाजारात आला होता. काकांकडे तो होता. एका खरेदीच्या साइटवर त्यांनी त्याला दोन तारे दिले होते. त्यांनी तो अभिप्राय मला तोंडपाठ म्हणून दाखवला. खिशात ठेवला तर पँट खाली येते. हातात धरला तर हात भाजतो. पडदा मुंग्यांसाठी केलेला असावा. एक सिनेमा त्यात भरायला कॉम्प्युटरला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस थिएटरला जाऊन परत येतो.

त्याच पानावर शंभर जणांनी आपापली मतं लिहिली होती. एका बाईंनी खोकं पावसात भिजून आलं म्हणून एकच तारा दिला होता. त्यांना काकांनी विचारलं होतं की पाऊस पडला हा प्लेअरचा दोष कसा. एकाच्या कुत्र्याने प्लेअर चावला तरी गाणं चालू राहिलं, म्हणून त्याने पाच तारे दिले होते. कुत्र्याने चावणं ही मान्यताप्राप्त चाचणी नाही, असं काकांनी त्याला कळवलं होतं. ही माणसं एकदा लिहून निघून गेली. एक मात्र टिकला. त्याचं तिथलं नाव ओल्ड वॉल्ट. त्याचा अभिप्राय एका ओळीचा होता: माझ्या मुलीच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस यात दिसतात, ट्रकमध्ये बरं पडतं, पाच तारे.

काकांनी लिहिलं की हा अभिप्राय नव्हे. वॉल्टने लिहिलं की तुझा तरी कुठे आहे. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. प्लेअर बाजारातून गेला, कंपनीने त्याचे सुटे भाग देणं बंद केलं, बाकीचे सगळे पान सोडून गेले, आणि हे दोघे तिथे बॅटरीवरून भांडत राहिले. काकांनी सकाळी लिहायचं, वॉल्टने दुपारपर्यंत उत्तर द्यायचं. आता कित्येक आठवडे त्याचं उत्तर नव्हतं.

"कंटाळला असेल," मी म्हटलं.

"वॉल्ट?" काकांना ती कल्पनाच पटली नाही. "तो चुकीचा असतो. कंटाळत नाही."

त्याच्याबद्दल काकांना फार थोडं माहीत होतं. लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आता निवृत्त. पण बोलण्याच्या ओघात त्याने एकदा लिहिलं होतं की कासा ग्रांडे गावात हायवेजवळ एक डायनर, म्हणजे साधी खाणावळ आहे, तिथल्या बिस्किट-ग्रेव्हीला, पावासारख्या बिस्किटांवर घट्ट पांढरा रस्सा घातलेल्या नाश्त्याला, तो पाच तारे देतो. त्यावरही काकांचा आक्षेप होता. कासा ग्रांडे आमच्यापासून तासाभराच्या आत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकूंनी काकांना हायवेवर गाडी न्यायला मनाई केली होती, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

आम्ही तिघं निघालो. काकूही आल्या. "इतकी वर्षं ह्यांच्याशी रोज बोलणारा माणूस कोण ते मला बघायचंय," असं त्या म्हणाल्या. काका मागच्या सीटवर मांडीवर एक खोकं घेऊन बसले होते. त्यात तो प्लेअर होता, मूळच्या थर्माकोलसकट.

डायनरमधल्या वयस्क वेट्रेसला वॉल्ट, म्हणजे वॉल्टर, लगेच आठवला. खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट दाखवून ती म्हणाली की तो तिथे बसायचा, पण बरेच दिवस आलेला नाही, त्याला स्ट्रोक आला असं ऐकलं. घराचा पत्ता ती देईना, ते बरोबरच होतं. पण काका काउंटरपासून हलेनात. शेवटी तिने वॉल्टरच्या मुलीला फोन लावला आणि सांगितलं की इथे एक भारतीय आजोबा आले आहेत, तुझ्या डॅडशी त्यांचं बॅटरीवरून भांडण आहे. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण तिने कागदी रुमालावर रस्ता काढून दिला.

घर लहान होतं, अंगणात खडी आणि निवडुंग. मुलगी, डेबी, दारात उभी राहिली. दमलेली दिसत होती आणि थोडी सावधही. काकांनी हात पुढे केला आणि फक्त एवढंच म्हटलं, "आर. टेंबे. टू स्टार्स."

डेबीला काही कळलं नाही. पण आतून कोणीतरी मोठा, ओबडधोबड आवाज काढला. ती घाबरून आत धावली आणि तिच्या मागून आम्ही.

वॉल्टर खिडकीपाशी आरामखुर्चीत होता. दांडगा माणूस, पण उजवी बाजू खाली ओघळल्यासारखी. डेबीने आम्हाला सांगितलं की त्याला सगळं समजतं, शब्द मात्र बाहेर येत नाहीत आणि उजव्या हाताने टाइपही होत नाही. थेरपिस्ट म्हणते त्याच्याशी बोलत राहा. लोक येतात, हवापाण्याचं बोलतात, त्याच्या खांद्यावर थोपटतात आणि जातात. तो कोणाकडे बघतसुद्धा नाही.

काका त्याच्या समोर सोफ्यावर बसले. प्लेअर बाहेर काढला, भिंतीतल्या प्लगला लावला, पडदा उजळल्यावर वॉल्टरच्या डाव्या हातात ठेवला. "तापतो की नाही, तुम्हीच बघा," त्यांनी इंग्रजीत सुनावलं. "आणि बॅटरी तुम्ही म्हणता तेवढी कधीच चालली नाही."

वॉल्टरचा डावा हात उचलला गेला. तोंड उघडलं. मान लाल झाली. काहीतरी येऊ पाहत होतं आणि येत नव्हतं. डेबी पुढे झाली. मला वाटलं, आता निघावं, या माणसाला आणखी त्रास नको. काकूंनी काकांच्या बाहीला हात लावला.

काका उठले. पण निघाले नाहीत. त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळची एक खुर्ची ओढत आणली आणि वॉल्टरच्या शेजारी, त्याच्याच बाजूला लावली. मग समोरच्या रिकाम्या सोफ्याकडे बघून ते म्हणाले, "मिस्टर वॉल्ट यांचं म्हणणं असं आहे की ट्रकमध्ये चार्जर असतो. तेव्हा बॅटरी किती चालते हे विचारतंय कोण?"

वॉल्टर त्यांच्याकडे वळून बघू लागला.

"मिस्टर वॉल्ट यांचं म्हणणं आहे की पडदा लहान असेल तर जवळ धरावा. आणि प्लेअर तापतो हे खरं, पण वायोमिंगच्या थंडीत त्याची काही हरकत नसते." काका एकेक मुद्दा मांडत गेले, ट्रकमध्ये दिसणाऱ्या मुलीच्या मॅचेसचासुद्धा. इतकी वर्षं ज्या युक्तिवादांना त्यांनी नावं ठेवली ते सगळे त्यांना पाठ होते आणि ते वॉल्टरपेक्षाही बरे मांडत होते. वॉल्टरचा चेहरा डाव्या बाजूने हसायला लागला. डेबी भिंतीला टेकून उभी होती. आपले वडील ट्रकमध्ये आपल्या मॅचेस बघायचे, हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तिने फक्त विचारलं, "सगळ्या?" वॉल्टरने मान हलवली.

"आणि मिस्टर वॉल्ट यांचं म्हणणं आहे..." काका थांबले.

वॉल्टरने प्लेअर मांडीवर ठेवून डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली. पुढे बोल.

काकांनी चष्मा काढला. "त्यांचं म्हणणं आहे की मुलाने पहिल्या पगारातून आणलेली वस्तू बापाने अशी चारचौघांत तपासायची नसते."

वॉल्टरने ती थाप आणखी एकदा मारली, यावेळी हलकेच.

परत येताना आम्ही हायवेला लागलो. मग काकूंनी मला सांगितलं. तो प्लेअर अनिकेतने, त्यांच्या मुलाने आणला होता. नोकरी लागल्यावर वडिलांसाठी घेतलेली पहिली वस्तू. विमानात ऐकता यावं म्हणून त्याने रात्रंदिवस खपून त्यात काकांची आवडती नाट्यगीतं भरली होती. त्याच आठवड्यात काकांनी अभिप्राय लिहिला. अनिकेतने तो वाचला. भांडण वगैरे काही झालं नाही. आता तो दूर अल्फारेटा गावी असतो, दर वाढदिवसाला गिफ्ट कार्ड पाठवतो. फोन करतो तो काकूंना. बाबांना दे असं म्हणतो, तेव्हा काका हातातलं काम दाखवतात.

"मी प्लेअरबद्दल लिहिलं होतं," मागून काका म्हणाले. "त्याच्याबद्दल नाही."

थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, "लिहिलेलं सगळं बरोबर होतं."

"हो," काकू म्हणाल्या. "बरोबरच होतं."

त्यानंतर आम्ही बहुतेक शनिवारी कासा ग्रांडेला जाऊ लागलो. काकांनी थेरपिस्टच्या सांगण्यावर आपल्या पद्धतीने विचार केला आणि ठरवलं की या माणसाला बोलतं करायचं तर दया उपयोगाची नाही. ते जाणूनबुजून चुकीचं बोलू लागले. ट्रकला गिअर कमी असतात म्हणाले. सॉफ्टबॉल हा क्रिकेटचा बिघडलेला प्रकार आहे म्हणाले. बिस्किट-ग्रेव्हीला त्यांनी वॉल्टरच्या तोंडावर नापास केलं. वॉल्टर लाल व्हायचा, हात आपटायचा, घशातून आवाज काढायचा. डेबी पहिल्यांदा काळजीत पडली, मग तिने कॉफीचं भांडं भरून आमच्यासमोर ठेवायला सुरुवात केली.

एका शनिवारी काका म्हणाले की एकंदरीत विचार करता हा प्लेअर पहिल्यापासून निरुपयोगी वस्तू होती. वॉल्टरने तोंड उघडलं. ओठ वेडेवाकडे झाले, थांबले, पुन्हा जुळले.

"राँग," तो म्हणाला.

स्पष्ट. स्वयंपाकघरात डेबीच्या हातून चमचा पडला. वॉल्टर स्वतःच दचकला आणि पुन्हा म्हणाला, जरा जोरात, "राँग."

काकांनी त्याचा निकामी उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "यस," ते म्हणाले. "यस, सर." आणि लगेच उठून बाहेर अंगणात गेले.

मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. मी खिडकीशी गेले. ऊन रणरणत होतं. काका खडीवर उभे राहून फोन कानाला लावत होते. काच थोडी सरकवलेली होती, त्यामुळे ऐकू आलं.

"अनिकेत? नाही, नाही, आई ठीक आहे. मी पण. काही नाही रे, सहज." त्यांनी खडीतला एक दगड पायाने बाजूला सरकवला. "वॉल्टर बोलला."

पलीकडे अनिकेतने अर्थातच विचारलं असणार की वॉल्टर कोण. काका गोंधळले. इकडे तिकडे बघितलं, निवडुंगाभोवती एक फेरी मारली. मग घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे त्याचं असं आहे बघ. तू मला तो प्लेअर दिला होतास ना..."

मी त्यांना सावलीत या म्हणायला निघाले, तर काकूंनी मला हाताने थांबवलं. त्यांनी टेबलावरची काकांची टोपी उचलली, बाहेर गेल्या, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि आत येऊन वॉल्टरजवळ बसल्या.