सव्वाचारचा आगंतुक

दाजी परब आमच्याकडे आले की पाणंदीतच उभे राहून तीन हाका मारतात. तिन्ही हाकांना ओ मिळाली तरच आत येतात. मी समोर ओटीवर बसलेला त्यांना दिसत असतो, पण एका हाकेला जरी गप्प राहिलो तरी माणूस आल्या वाटेने परत जातो आणि आठवडाभर सांगत फिरतो, "गेल्लंय रे, पण घरात कोण नाय."

अशा माणसाच्या कॉम्प्युटरात कोणीतरी न विचारता शिरलं.

दाजी तोंडवलीतले आमचे सख्खे शेजारी. सत्तरी उलटलेली, घरात एकटे. वडील भजनीबुवा. त्यांच्या जुन्या कॅसेटी उतरवून ठेवायला म्हणून दाजींनी या वयात कॉम्प्युटर घेतला. मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून एक आज्ञा शिकले. ती टाइप केली की या घटकेला कॉम्प्युटरशी कोण कोण जोडलेलं आहे, त्याची यादी काळ्या पडद्यावर येते. यादी बघून ते तरातरा माझ्याकडे आले.

"सुहास, ह्या यंत्राक पोर्ट किती आसत, ठावक आसा?"

"पासष्ट हजार पाचशे पस्तीस," मी म्हणालो. आकड्यांत मी सहसा चुकत नाही. "आत यायची दारंच म्हणा."

"आणि दुकानदारान माका ह्यां सांगूक नाय! माझ्या घराक दारां चार. त्यातला एक भिंत घालून बंद केलंय. ह्या डबड्याक पासष्ट हजार? राखण कोणी करूची?"

ती भिंत चिऱ्याची. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ बाबी राहतो. चार वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हा माड मोजून घेतले, विहीर सकाळ-संध्याकाळ वाटली, फणस वर्षाआड. बोलणं तेव्हापासून बंद.

दाजींचा पहिला संशय माझ्यावर. "वाडीत कॉम्प्युटर कळणारो तूच."

मला राग आला. माझ्यावर आळ म्हटल्यावर मी तीन दिवस वही घेऊन त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो. पाहुणा रोज दुपारी सव्वाचारला येई, १०२४३ नंबरच्या पोर्टवर, आणि चाळीस मिनिटं थांबे. त्याचा पत्ता १९२.१६८ने सुरू होणारा. असे पत्ते घरातल्याच वाय-फायचे असतात.

"दाजी, चोर बाहेरचा नाही, घरातला आहे."

"घरात मी एकटो!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. वाय-फाय वाटणीच्या आधीचं. वाटणीपत्रात फणस होता, खळ्यातली शिळा होती, वाय-फाय लिहायचं राहूनच गेलं. पासवर्ड दोघांकडे तोच. कॅसेटी उतरवताना कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं होतं, ही गाणी घरातल्या इतर यंत्रांना दाखवू का? दाजींनी न वाचता 'होय' दाबलं होतं.

चौथ्या दिवशी सव्वाचारला मी परसातून बाबीच्या खिडकीखाली गेलो. आत टीव्हीवर बुवांचा गजर बारीक आवाजात लागला होता. पेटी दाजींची, पखवाज बाबीचा.

परत येऊन सांगितल्यावर दाजी ताडकन उठले. "चोरटो! भिंत घातली तरी शिरता! बंद कर ता पोर्ट, आत्ताच्या आत्ता!"

मी माऊस हातात घेतला. दोन क्लिकचं काम.

"खंयचो गजर लावता?"

"तुम्ही दोघांनी साथ केलेला."

दाजी पडद्याकडे वाकले. "बारीक आवाजात?"

"हो."

"बारीक आवाजात पखवाज ऐकूक येता काय कधी? अक्कल नाय ती नायच." मग खुर्ची ओढून बसले. "रवांदे आज. उद्या बंद करू."

त्या उद्याला आठ महिने झाले. दाजी रोज सव्वाचारला काळा पडदा उघडून बसतात. ओळ उमटली की गरजतात, "बघ, इलो चोरटो!" आणि चहा ठेवायला उठतात.

गेल्या मंगळवारी माझ्याकडे आले ते घामाघूम होऊन. "साडेपाच झाले. ओळ येवक नाय."

"वीज गेली असेल."

"वीज आसा! माझो पंखो चलता मा? दम्याचो माणूस तो, घरात कोण नाय." वाटी माझ्या हातात कोंबली. "जा, साखर मागूक इलंय म्हणून सांग. माझा नाव घेव नको."

मी गेलो. बाबी धडधाकट होता. रिमोटचे सेल संपले म्हणून वैतागून बसला होता.

हे ऐकताच दाजी भडकले. "दोन सेल आणूक होणत नाय ह्या आळशाक? हात मोडले?" बडबडत आत गेले, आपल्या टीव्हीचा रिमोट उघडला, त्यातले दोन्ही सेल काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"तुझे म्हणून दी," म्हणाले. "आणि सांग, आवाज वाढव म्हणान."