शिट्टीसरांचा आगाऊ अहवाल

जिंकणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. हरणाऱ्याला विचारतात, आणि कारणं देता देता माणूस त्या विषयातला जाणकार होतो. या न्यायाने कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक, म्हणजे शिट्टीसर, यांच्याइतका जाणकार पंचक्रोशीत नव्हता. (अकरा वर्षं, एकशे चार सामने, विजय शून्य. एकदा समोरचा संघ आलाच नाही. पण त्या दिवशी सर आपला संघ घेऊन भलत्याच हॉलवर गेले होते.)

हरल्यावर तीन दिवसांत ‘पराभव-कारणमीमांसा अहवाल’ तीन प्रतींत सादर करावा, असा कॉलेजचा नियम होता. सरांचे अहवाल वाचत राहावेत असे. त्यात पराभवाची कारणं अंतर्गत, बाह्य आणि वाऱ्याची अशी विभागलेली असत. (हॉल बंदिस्त होता, पण पंखे होते.) प्राचार्य ते नव्या प्राध्यापकांना नमुना म्हणून वाचायला देत.

एवढं असूनही सर हंगामीच होते. दर वर्षी नेमणुकीचं पत्र आलं की बायको ते उलटसुलट करून बघायची आणि यात ‘कायम’ हा शब्द कुठे आहे, असं विचारायची. माणूस वाईट नव्हता हो. मुलींवर जीव टाकायचा. फक्त सामन्यात पंचापेक्षा जास्त शिट्ट्या वाजवायचा, आणि एकाच मुलीला पुढे जा आणि मागे ये हे एकाच दमात सांगायचा.

अखेर प्राचार्यांनी शब्द दिला की यंदाचा एकही अहवाल उशिरा आला नाही, तर कायम करू. सरांनी कंबर कसली. शेवटच्या सामन्याचा अहवाल आदल्या दिवशीच लिहून काढला, आणि सामना सुरू होताच तो घेऊन स्वतः कचेरीत गेले. शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. परत येतात तो काय, मुली जिंकलेल्या!

सरांचं धाबं दणाणलं. दाखल झालेला अहवाल मागे घेता येत नव्हता, आणि विजय झाल्यास भरायचा फॉर्म कॉलेजकडे नव्हताच. चौकशी समिती बसली. तिने रिंगची उंची मोजली, चेंडू वजनाला लावला, मुलींच्या बाटल्यांतलं पाणी चाखलं. काही हाती लागेना. शेवटी कप्तान मुलीला विचारलं, त्या दिवशी वेगळं असं काय होतं?

तिने वाकून बुटाची नाडी आवळली. मग म्हणाली, “सर नव्हते.”

सरांच्या डोळ्यांपुढे बायको उभी राहिली, हातात पत्र घेऊन.

पण समितीत जाणती माणसं होती. समितीने नोंदवलं की, सदर प्रशिक्षकांची अनुपस्थिती संघास अत्यंत मोलाची असून तिची शाश्वत तरतूद करणे संस्थेच्या हिताचे राहील. सबब सरांना क्रीडासंचालक नेमण्यात आलं. कचेरी दुसऱ्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी भिंतीकडे. पत्रात ‘कायम’ हा शब्द दोनदा होता.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. “अहो, पण यात तुमचं कौतुक केलंय का?”

कायम केलंय ना, मग झालं तर, असं म्हणून सरांनी शिट्टी कपाटात ठेवली. संघ तेव्हापासून जिंकतोच आहे.

हसताय? हसा की. फक्त एवढं आठवून बघा, मागे तुम्ही आठवडाभर रजेवर होता, तेव्हा कचेरीत तुमच्यावाचून काय अडलं होतं? कुणाला विचारायला मात्र जाऊ नका. बढतीचं पत्र आलं की कळेलच.