घंटेच्या चोरीचा अभ्यासक्रम

न्यायाची ओळख लहानपणीच झालेली बरी. मोठेपणी ती होते तेव्हा माणूस बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. हे ओळखून १९५६ साली वरून परिपत्रक आलं, की शाळाशाळांतून लुटुपुटीचं कोर्ट भरवावं. चौलजवळच्या एका शाळेत दत्तात्रेय गुरुजींनी ते तीनदा वाचलं आणि लगेच तारीख लावली.

न्यायाधीश व्हायला नऊ मुलं तयार होती, फौजदार व्हायला एकवीस, आरोपी व्हायला एकही नाही. (गावाची नीतिमत्ता शाबूत असल्याचं हे लक्षण.) सातवीतली कमळ त्या दिवशी आईबरोबर वाल काढायला गेली होती. गैरहजर म्हणजे फरारी, तेव्हा शाळेची घंटा तिनंच चोरली असं सर्वानुमते ठरलं. घंटा पडवीत टांगलेली होती. पण तेवढ्यासाठी खटला अडवणं बरं दिसलं नसतं.

कमळला आधी याचं काही वाटलं नाही. तिचं सगळं लक्ष सोमवारच्या सातवीच्या फायनल परीक्षेकडे होतं. पास झाली की ती मास्तरीण होणार होती, मग आईला दुसऱ्याच्या शेतावर राबायला नको होतं.

साक्षीला खरेखुरे पंच आणले: भागोजी आणि रावजी. दारूबंदीच्या धाडींत दोघांनी एकशे बारा पंचनामे केले होते, त्यांतले काही जागेवर जाऊन. सवयीप्रमाणे त्यांनी आधी कोऱ्या कागदावर अंगठे उठवले, मग घंटेखालीच उभं राहून शपथेवर सांगितलं, "हिला घंटा नेताना आमी डोल्यांनी बगितली."

"आवो, ती काय डोक्यावर टांगलेली हाय!" कमळ म्हणाली.

चोरीच्या मालाचा ठावठिकाणा आरोपीला नेमका ठाऊक असल्याची नोंद झाली. इतका स्वच्छ कबुलीजबाब मिळाल्यावर शिक्षा टळणार कशी? नकाशांच्या खोलीत आठ दिवस, शाळा सुटेपर्यंत.

"गुरुजी, सोमवारी माजी परीक्षा हाय!" कमळला रडू फुटलं.

गुरुजींना खरंच वाईट वाटलं. पण शिक्षा मध्येच सोडली तर मुलं कायदा काय शिकणार? त्यांनी तिला वरच्या कोर्टात अपील करू दिलं. वरचं कोर्ट म्हणजे तेच, फक्त टेबलावर चढून बसलेलं. तारीख मंगळवारची मिळाली.

मंगळवारी कमळ निर्दोष सुटली. टाळ्या झाल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'उपक्रम स्तुत्य' असा शेरा मारला.

"मंग माज्या पोरीची परीक्षा?" तिच्या आईनं, येसूबाईनं, विचारलं. परिपत्रकात त्या बाबीचा उल्लेख नव्हता.

पुढं कमळ रेवसहून बोटीनं मुंबईला गेली, घरकाम शोधायला. तुमच्याही दारात येईल. तिनं काहीच चोरलं नव्हतं, हे तुमच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही. तरी पहिले चार दिवस कपाटाची चावी तुम्ही कनवटीलाच ठेवाल.