शीतखोलीची अधिकृत वेळ

वेळ सर्वांना सारखीच मिळते, हा समज कार्यालयात नोकरी न केलेल्या लोकांचा आहे. औषध तपासणीच्या त्या प्रयोगशाळेत वेळ मिळत नसे, ती मंजूर करून घ्यावी लागे.

तिथल्या शीतखोलीत गोळ्यांचे खोके वर्षभरासाठी ठेवले होते आणि दाराशी बसवलेला संगणक दर मिनिटाला तापमान टिपत होता. नोंद अखंड राहिली तरच औषध पास. दहाव्या महिन्यात तंत्रज्ञाच्या लक्षात आलं, की तापमान ठणठणीत आहे, पण संगणकाचं घड्याळ रोज थोडं थोडं घसरत चक्क पाऊण तास मागे पडलंय. (संगणकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. बसवल्यापासून त्याला सगळ्यांनी वेळ विचारली होती, सांगितली कोणीच नव्हती.)

तंत्रज्ञाने उपाय सुचवला. संगणक खरी वेळ देणाऱ्या सर्व्हरला जोडायचा, घड्याळ एकदम न ढकलता हळूहळू पुढे सरकवायचं आणि चूक किती होती ते नोंदवून ठेवायचं.

"एकही मिनिट गळणार नाही, साहेब."

"ते ठीक आहे हो. पण मागच्या दहा महिन्यांच्या चुकीच्या वेळांवर सही कोणाची आहे?"

सही साहेबांची होती. लगेच समिती नेमली गेली.

समितीने दोन पर्याय तपासले. पहिला, संगणकाचं घड्याळ दुरुस्त करणे (खर्च शून्य, जबाबदारी साहेबांची, सबब नामंजूर). दुसरा, बाकी सगळी घड्याळं संगणकाप्रमाणे लावणे. हा एकमताने मंजूर झाला. परिपत्रक निघालं: 'कर्मचाऱ्यांची घड्याळे पाऊण तास पुढे धावत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी ती तात्काळ ताळ्यावर आणावीत.'

निर्णय किती दूरदर्शी होता ते पहिल्याच सकाळी दिसलं. उशिरा येण्याची जुनी सवय असलेले अठ्ठ्याण्णव टक्के कर्मचारी वेळेवर हजर झाले. (चहावाला तेवढा आडमुठा निघाला. तो खऱ्याच वेळी येई.)

पंचाईत झाली ती तंत्रज्ञाची. ऑफिस आता पाऊण तास उशिरा सुटे आणि त्याची पाच वर्षांची लेक पाळणाघरात ताटकळे. पाळणाघरवाल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "सहा म्हणजे सहा. पुन्हा पावणेसात केलेत तर पोरीचं नाव काढून टाकीन." दुसरं पाळणाघर शहराच्या पार त्या टोकाला. म्हणजे बायकोची नुकती लागलेली नोकरी गेलीच. त्याने लवकर सुटण्यासाठी अर्ज केला.

साहेब माणूस वाईट नव्हता. अर्ज वाचून ते मनापासून हळहळले आणि त्यांनी उत्तर धाडलं: 'आपली कन्या विहित वेळेच्या पाऊण तास आधीच वाट पाहू लागते असे दिसते. तिला योग्य ती समज द्यावी. सहानुभूतीपूर्वक विचार करून पाळणाघरास एक अधिकृत घड्याळ मंजूर करण्यात येत आहे.'

घड्याळ सोनेरी कडेचं होतं. बाईंना ते फार आवडलं आणि त्यांनी आपलं जुनं काढून ते भिंतीवर लावलं. (त्यांच्या मोबाइलमध्ये वेगळी वेळ दिसे, पण मोबाइलवर कार्यालयाचा शिक्का नव्हता.)

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ धापा टाकत पोचला, तेव्हा भिंतीवर बरोबर सहा वाजत होते. "बघा, मनावर घेतलंत की जमतं!" बाई खूश होऊन म्हणाल्या. नाव वाचलं, नोकरी वाचली. त्याला एकदम हायसं वाटलं.

लेक बूट घालून, दप्तर पाठीला लावून पायरीवर बसली होती. बाहेर दिवे लागले होते.

"बाबा, आज तू वेळेवर आलास?"

"हो गं, राणी. अगदी वेळेवर."

"मग मी एवढा वेळ कोणाची वाट बघत होते?"

तंत्रज्ञाला यंत्रातल्या पुष्कळ चुका शोधता येत. इथे त्याने नुसतं तिच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं आणि तिचा हात धरला.

खुशाल हसा. फक्त मघाशी फोनवर 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो' असं सांगून तुम्ही हे वाचत बसला असाल, तर ती पाच मिनिटं कोणत्या घड्याळाची, ते घरी दारात उभ्या असलेल्या माणसाला एकदा कळवून टाका.