खानझोड्यांचा चालता बंगला

खानझोडे दर शनिवारी सकाळी आपल्याच दारात उभ्या असलेल्या बंद गाडीत बसून, सीटबेल्ट लावून चहा प्यायचे.

गाडी म्हणजे मोटरहोम. एकतीस फूट लांब. आत ओटा, फ्रिज, पलंग, बाथरूम, सोफा, आणि या सगळ्या संसाराच्या पुढच्या टोकाला ड्रायव्हरची सीट. समोर त्यांचं चार बेडरूमचं घर होतं आणि त्यात उत्तम डायनिंग टेबल होतं. तरी चहा गाडीत.

"बंद गाडीत बेल्ट कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की बेल्ट लावायचा. गाडी चालू असो का बंद. सवय म्हणजे सवय जी," खानझोडे म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही पण लावा, कर्णिक."

मी लावला. बेल्ट लावून, वाकता येत नसताना, शैलावहिनींनी मागून पाठवलेले तर्रीपोहे खाल्ले. खाताना दर हालचालीला माझ्याखाली करकर आवाज होत होता. बघतो तर सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. गाडी तेव्हा दोन वर्षांची होती.

"काढलं नाहीत?"

"खराब कशाला करायची? तिथे बसतं कोण?"

मी मनात म्हटलं, माणूस वरून उधळ्या दिसतो, पण आत कुठेतरी हिशेबी आहे. थोडा आदर वाटला.

आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहतो. खानझोडे मूळचे नागपूरचे, मी पुण्याचा. आमची घरं समोरासमोर. मी एका इन्शुरन्स कंपनीत आकडेमोडीचं काम करतो. खानझोडे आयटीतून लवकर रिटायर झाले, मुलगा सिअ‍ॅटलला गेला, आणि महिनाभरात दारात हा बंगला येऊन उभा राहिला. आमच्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे अशी गाडी दारात अठ्ठेचाळीस तासच ठेवता येते. म्हणून ते शुक्रवारी संध्याकाळी ती गोदामातून आणायचे आणि रविवारी संध्याकाळी परत ठेवायचे. नियम मोडला असता तर मला बरं वाटलं असतं. कधी मोडला नाही.

सरळ सांगतो, मला त्या गाडीचा हेवा वाटायचा. माझ्याकडे तिच्याविरुद्ध एक अख्खी स्प्रेडशीट होती. मायलेज गॅलनला आठ. घसारा, विमा, गोदामाचं भाडं. त्यापेक्षा हॉटेलात राहणं किती स्वस्त, याचा आलेख. सगळे आकडे माझ्या बाजूने होते, आणि गाडी त्यांच्या दारात होती.

"मायलेज किती देते हो?" मी मुद्दाम चार लोकांत विचारायचो.

"हिशेब नका लावू, हवा खा!" खानझोडे ओरडायचे.

ओरडायचे हा शब्द मी मोजून वापरतोय. त्या माणसाला हळू बोलता येत नसे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत शेजारी बसलेल्याशी ते असं बोलायचे की जणू तो माणूस पार्किंगमध्ये उभा आहे. शिवाय प्रत्येक वाक्याची सुरुवात दिशेने. "डावीकडे! बासुंदी आली!" "उजवीकडे बघा! जोशींनी केस रंगवले!" बिचारे जोशी. बायका म्हणायच्या, खानझोड्यांना ऐकायला कमी येत असेल. पण नव्हतं तसं. त्यांच्या गाडीच्या मायलेजबद्दल मी बायकोच्या कानात पुटपुटलेलंही त्यांना ऐकू जायचं.

मंडळात त्यांच्या गाडीच्या गोष्टी फिरायच्या. घरात फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून वडाभाताचे वडे गाडीत तळले जायचे आणि अर्धी वसाहत वास घेत दाराशी यायची. मिशिगनला तळ्याकाठी वहिनींनी झाडापासून गाडीच्या आरशापर्यंत दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. खानझोड्यांना कोथिंबीर हवी होती. आता मोटरहोमचं असं, की कोथिंबीर आणायला जायचं तरी पलंग, फ्रिज, बाथरूम सगळं बरोबर न्यावं लागतं. ते निघाले. कॅम्पग्राउंडमधून वहिनींचा गाऊन, दोन टॉवेल आणि खानझोड्यांची चट्ट्यापट्ट्याची चड्डी मिरवत गेली. गेटवरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून सलाम केला म्हणे.

लोक हसायचे. मीही हसायचो आणि घरी येऊन स्प्रेडशीट उघडायचो. कारण मलाही तळ्याकाठी चड्डी वाळत घालायची होती.

"एवढं वाटतं तर घे ना एक," मंजिरी, माझी बायको, म्हणायची.

"आकडे बसत नाहीत."

"मग बघू नकोस खिडकीतून."

आमची ईशा तर फोनवरून सरळ म्हणाली, "बाबा, यू आर सो जेलस. इट्स क्यूट."

आणि या मार्चमध्ये एका शनिवारी खानझोडे रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "कर्णिक, गाडी विकतोय. पहिला हक्क तुमचा."

त्यांनी पिकअप ट्रक आणि मागे जोडायचा ट्रेलर घेतला होता. बावीस फुटी. त्यातही ओटा, पलंग, सगळं. फक्त इंजिन नाही. ट्रकने ओढत न्यायचा.

मी रात्रभर आकडे पुन्हा मांडले. जुनी गाडी, घसारा आधीच झालेला, मालक ओळखीचा आणि नियम पाळणारा. पहिल्यांदाच आकडे बसत होते. पण माझा एक नियम आहे: विकणारा का विकतोय हे कळल्याशिवाय मी शिडीसुद्धा घेत नाही. त्या रविवारी मी गाडी तपासली. छतावर चढून सांधे पाहिले, ओट्याखाली ओल शोधली, टायरवरच्या तारखा वाचल्या, खाली झोपून टॉर्च मारला. काही सापडलं नाही. त्याने मी जास्तच अस्वस्थ झालो.

"का विकता?"

"मोठी पडते जी आता."

"तुमचा ट्रक आणि ट्रेलर मिळून जास्त लांब होतात. मी हिशेब केलाय."

"बरं, मग मायलेज."

"हवा खा," मी म्हटलं. त्यांनाच हसू आलं. "कोथिंबीर म्हणा," ते म्हणाले. "ट्रेलर झाडाखाली सोडायचा, ट्रक घेऊन बाजारात जायचं. चड्डी जागेवर राहते."

हे कारण पटण्यासारखं होतं. पण कोथिंबिरीचा किस्सा चार वर्षांपूर्वीचा. चार वर्षं कोथिंबीर चालली आणि आताच का अडली? काहीतरी खोट नक्की होती, आणि हा माणूस ती लपवत होता.

पुढच्या शुक्रवारी ट्रेलर आला आणि तो ड्राइव्हवेमध्ये मागे घेण्याचा सोहळा झाला. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणालाच जमत नाही. मोटरहोमला मागे कॅमेरा होता. इथे शैलावहिनी मागे उभ्या राहून हात हलवत होत्या. "येऊ द्या, येऊ द्या, अहो कुठे येऊन राहिले? तिकडे आपली पत्रपेटी आहे!" समोरून जोशी म्हणाले, "कट मारा." आमचा अमेरिकन शेजारी खुर्ची आणि बिअर घेऊनच बसला. अकराव्या प्रयत्नात ट्रेलर सरळ लागला. वहिनींनी ट्रकच्या दारावर दोन थापा मारल्या आणि खानझोड्यांनी खिडकीतून डोकं काढलं. दोघंही हसत सुटले. वहिनींना इतकं मोठ्याने हसताना मी त्याआधी पाहिल्याचं आठवत नाही. त्या नेहमी गाडीच्या मागच्या भागातून पोहे पाठवायच्या.

मला त्याही दिवशी हेवा वाटला. माणसाकडे दोन दोन घरं चाकांवर, आणि मी अजून खोट शोधतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरहोममधला शेवटचा चहा. ती आता गोदामातच होती, म्हणून आम्ही चहा थर्मासमध्ये घालून तिथे गेलो. दोघांनी बेल्ट लावले. माझ्याखाली करकर झाली.

"खानझोडे, चेक लिहून आणलाय," मी म्हटलं. "पण खोट सांगितल्याशिवाय खिशातून काढणार नाही."

त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहिलं. समोर दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीची पाठ होती.

"ऑक्टोबरमध्ये आम्ही शिकागोहून येत होतो," ते म्हणाले. "इंडियानात पंपावर गॅस भरायला थांबलो. शैला मागे सोफ्यावर होती. ती नेहमी मागेच बसते. पाय लांब करता येतात, टॅबलेटवर तिची मालिका चालू असते, चहाही तिथल्या तिथे. गाडी घेतली तेव्हा मीच म्हटलं होतं, महाराणीसारखी बस. गॅस भरला, निघालो. मी पुढून बोलतोय. शैला, डावीकडे पवनचक्क्या! शैला, उजवीकडे बघ, काय आभाळ आलंय! इंजिनाचा आवाज असतो, म्हणून ओरडूनच बोलावं लागतं. तिला ऐकू जाऊन ती खिडकीशी येईपर्यंत ते मागे गेलेलं असतं. तर मी बोलतोय. चाळीस मैल बोलतोय."

त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला.

"मग?"

"मग फोन आला. अनोळखी नंबर. शैला. गाडीतलं पाणी संपलेलं, म्हणून बाथरूमला उतरली होती. तिचा फोन इथेच सोफ्यावर."

मला हसू आलं. येणारच होतं. तेही हसले, पण लगेच थांबले.

"परत जायला एक्झिट शोधली. गॅस स्टेशनच्या बाहेर बाकावर बसली होती. मला वाटलं चिडेल. चिडली नाही जी. म्हणाली, आलात? मला वाटलं होतं, घरी पोचल्यावरच कळेल तुम्हाला."

मी कपाची कड पुसत बसलो.

"कर्णिक, चाळीस मैल उत्तर आलं नाही, आणि मला नवल वाटलं नाही. ही खोट आहे गाडीत. बाकी एकदम झकास आहे." मग त्यांनी माझ्या सीटच्या प्लॅस्टिकवर बोटाने टकटक केलं. "ट्रेलर चालू असताना त्यात बसायला कायद्याने बंदी आहे आपल्याकडे. मी नीट विचारून घेतलं. माणसाला ट्रकमध्ये पुढेच बसावं लागतं. शेजारी."

"मग वहिनींनाच सांगायचं होतं, पुढे बसा म्हणून."

"सांगून पाहिलं. म्हणाली, इथे बरी आहे. मग कायद्यालाच सांगावं लागलं."

मी चेक काढला नाही. घरी येऊन मंजिरीला एवढंच सांगितलं की आकडे बसले नाहीत. महिनाभरात ती गाडी क्लीव्हलंडच्या एका जोडप्याने नेली. त्यांना दोन मुलं आणि तीन कुत्रे आहेत, तेव्हा मागून उत्तर यायची सोय आहे.

मेच्या शेवटी खानझोडे ट्रेलर घेऊन टेनेसीच्या डोंगरांकडे निघाले. शनिवारची सकाळ होती. मी आणि मंजिरी भाजी आणायला निघालो होतो, म्हणून दोघंही ड्राइव्हवेमध्येच उभे होतो. ट्रक आमच्या समोरून अगदी हळू गेला, मागे बावीस फूट संसार. खिडक्या उघड्या होत्या. शैलावहिनींनी सीटवर घरून आणलेली भरतकामाची उशी टाकली होती. खानझोडे काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना मला स्पष्ट दिसले. वहिनींनी लगेच डावीकडे वळून पाहिलं, आमच्या कुंपणावरच्या फुलांकडे, आणि काहीतरी उत्तर दिलं.

सहा वर्षांत प्रथमच खानझोडे आठ फुटांवरून बोलत होते आणि मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मोटरहोमचा मला कधी वाटला नव्हता इतका हेवा मला तेव्हा वाटला.

ट्रक वळला. मी गाडीत बसलो. मंजिरीने नेहमीप्रमाणे मागचं दार उघडलं. ईशा तान्ही असताना कार सीटशेजारी बसायची म्हणून ती मागे गेली ती गेलीच. ईशा आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या शेजारच्या सीटवर माझी लॅपटॉपची बॅग असते.

मी बॅग उचलून मागे ठेवली.

"काय झालं?" मंजिरी म्हणाली. "मी बसतेय इथे."

"कुंपणाला फुलं आलीत," मी म्हटलं. "पुढून नीट दिसतात."

"मला इथूनही दिसतात."

"मला सांगायचं झालं तर ओरडावं लागतं."

तिने मागचं दार लावलं आणि गाडीला वळसा घालून पुढे आली. बेल्ट लावायला गेली तर तो कुठे अडकवायचा ते तिला पटकन सापडेना. मी गाडी सुरू केली नाही. म्हटलं, सापडू दे सावकाश.