वरून दुसरा खण

माझा अंगठा जाड आहे. आत्मचरित्राला हे वाक्य काही शोभायचं नाही, पण पुढचं सगळं रामायण ह्या अंगठ्यामुळेच घडलं, तेव्हा त्याचा मान त्याला दिलेला बरा. फोनवर नुसतं 'हो' लिहायचं तर मला एक बस चुकवावी लागते.

बायकोची त्यावर कायमची तक्रार. "लग्नाआधी पानंच्या पानं लिहायचात. आता काय, 'हो', नाहीतर तेही नाही!"

"अगं, तेव्हा टाइप करून लिहायचो." (कार्बन कॉपीसकट. प्रती अजून माझ्याकडे फाइलला लावलेल्या आहेत.)

हे मात्र खरं. दहा बोटं मिळाली की मी वाघ असतो. टायपिंगच्या क्लासात सरांनी शिकवलं होतं, नजर मसुद्यावर ठेवायची, यंत्राकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी आजतागायत बघितलेलं नाही. तेव्हा फोनवरचे मेसेज ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून पाठवता येतात हे कळलं, आणि मी त्याच दिवशी आमच्या कॉम्प्युटरवाल्याला चहा पाजून माझा फोन आवक-जावक विभागाच्या कॉम्प्युटरला जोडून घेतला. तो चहा केवढ्याला पडणार आहे हे तेव्हा कळलं नाही.

आवक-जावक म्हणजे आलेली पत्रं घ्यायची आणि भिंतीवरच्या लाकडी खणांत टाकायची. वरून पहिला खण साहेबांचा, दुसरा रोखपाल बाईंचा. मी नोकरीला लागलो तेव्हापासून खण जागचे हललेले नाहीत, त्यामुळे मी पत्र टाकताना नाव वाचत नाही, हात आपोआप जातो. कॉम्प्युटरच्या पडद्यावरही डावीकडे असेच एकाखाली एक खण दिसले. पहिला साहेबांचा, दुसरा बायकोचा. मी मनात पक्की नोंद केली आणि नावं बघणं सोडून दिलं.

आता मुद्द्याचं. लग्न झाल्यापासून मी बायकोला समुद्र दाखवतो म्हणत होतो. ह्या वर्षी तिनंच शाळेतून रजा घेतली (ती शिक्षिका आहे, घरीदारी सगळीकडेच), हॉटेल ठरवलं, आणि मला बजावलं, "दुपारपर्यंत तुमच्या रजेचं सांगा. तिकिटं आजच काढायची आहेत. ह्या खेपेला चुकलात तर मी तुमच्यासाठी थांबणार नाही."

मला जायचं होतं हो! मनापासून जायचं होतं. पण साहेबांसमोर उभं राहिलं की माझी बोबडी वळते. शिवाय त्यांचा स्वभाव असा की, कुणी मजा करायला चाललाय म्हटलं की रजा नाही, आणि कुणी नाइलाजानं चाललाय म्हटलं की लगेच मंजूर. म्हणून मी शक्कल लढवली. अर्ज मेसेजनं पाठवायचा आणि तो रडका ठेवायचा. एका कागदावर साहेबांचा मसुदा लिहिला, दुसऱ्यावर बायकोचा. रजा मिळणारच होती, मग बायकोला आधीच कळवायला काय हरकत?

मी मसुदे लिहीत असताना कॉम्प्युटर 'टिंग' असा वाजला. मी मान वर केली नाही. नजर मसुद्यावर, सरांची शिकवण.

पहिल्या खणावर टिचकी मारली आणि बोटं सोडली.

'महोदय, मला गुरुवारपासून चार दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती. समुद्र पाहण्याची मला काडीचीही हौस नाही. खरं तर मला ऑफिसातच करमतं. परंतु पत्नी हट्टाला पेटली असून घरातली शांतता राखण्यासाठी तिच्याबरोबर जाणं भाग आहे. आपला आज्ञाधारक.'

मग दुसरा खण.

'लाडके, रजा मिळाली! त्या खडूसाला तोंडावर विचारलं, देताय की नाही? मुकाट्यानं हो म्हणाला. काढ तिकिटं! आणि तो निळा ड्रेस घे. त्यात तू अजून कॉलेजातली वाटतेस.'

एकही चूक नाही. मी खुर्चीत मागे रेललो आणि पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं.

'लाडके'च्या वर साहेबांचा फोटो होता.

"बाई," मी शेजारच्या रोखपाल बाईंना म्हणालो, "खण बदललेत हो!"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बदलणारच. जो बोलतो तो वर येतो. मघाशी टिंग वाजलं ना, तुमच्या मिसेसनी विचारलंय, 'रजेचं काय झालं?' म्हणून त्या वर गेल्या आणि साहेब खाली आले."

"आता हो?"

"पुसून टाका की. वाचायच्या आत पुसलं तर वाचाल."

मी 'पुसा' दाबलं. त्यानं विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त माझ्यासाठी? मला वाटलं, उगाच सगळ्यांना कशाला ह्यात ओढायचं? 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. मेसेज नाहीसा झाला.

"गेला!" मी म्हणालो.

"तुमच्याकडून गेला," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे आहे."

साहेबांच्या केबिनला काच आहे. मी तिच्याकडे बघत बसलो. साहेब कुणाशी तरी बोलत होते, फोन टेबलावर पालथा. तो तसाच पालथा राहावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. पाहुणा उठला. साहेबांनी फोन उचलला. वाचलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. मग घंटा वाजली.

"आत या," साहेब म्हणाले. "बसू नका."

मी बसण्याच्या अवस्थेत नव्हतोच.

"मी मुकाट्यानं हो म्हणालो?"

"साहेब, ते... म्हणजे भाषेच्या ओघात..."

"कधी म्हणालो?"

"अजून नाही म्हणालात, साहेब."

"आणि दुसरं," साहेबांनी फोन डोळ्यांजवळ नेला, "माझ्याकडे निळा ड्रेस नाही."

"नाही साहेब. तो हिच्याकडे आहे."

माझी नोकरी, पेन्शन, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग साहेब खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "मीही घरी असंच सांगतो. की वरच्या साहेबांना तोंडावर सुनावलं म्हणून. जा. चार दिवस. आता नाही म्हणालो तर तुम्ही घरी खोटे ठराल."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी जवळजवळ नाचतच जागेवर आलो. माझ्या टेबलाभोवती अख्खा विभाग जमला होता. आलेला मेसेज कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसतो, ही सोय कॉम्प्युटरवाल्यानं मला सांगितली नव्हती. बायकोचं उत्तर आलं होतं, आणि रोखपाल बाई ते मोठ्यानं वाचत होत्या.

'अर्ज मिळाला. शुद्धलेखन निर्दोष, अक्षर सुवाच्य. आपल्याला काडीचीही हौस नसताना आपल्याला नेणं योग्य होणार नाही. ऑफिसातच करमत असल्यानं तिथेच राहावं. घरातल्या शांततेची काळजी नसावी, मी घरात नसेन. आपल्या जागी माझी बहीण येत आहे. तिकिटं काढली.'

मी फोन केले. तिनं घेतले नाहीत. घरी गेल्यावर हातापाया पडलो, खरा मसुदाही दाखवला. ती बॅग भरता भरता म्हणाली, "दाखवू नका. पक्की प्रत वाचली मी."

निदान रजा तरी वाचवावी म्हणून परत साहेबांकडे गेलो, तर ते म्हणाले, मंजूर झालेली रजा रद्द होत नाही.

तेव्हा मी चार दिवस घरी एकटा. शेवटच्या दिवशी, रविवारी, बायकोचा फोटो आला. मागे समुद्र, अंगावर निळा ड्रेस, आणि ती हसत होती. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही हवे होतात.' माझे डोळे भरून आले. कॉम्प्युटर ऑफिसात, हाताशी फक्त फोन आणि अंगठा. पण ठरवलं, आज नुसतं 'हो' नाही. ह्या खेपेला नाव डोळ्यांनी वाचलं. यादीत सगळ्यात वर 'बायको'. अंगठा खाली आणला. तो येत असतानाच फोन 'टिंग' असा वाजला, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'निळ्या ड्रेसमध्ये तू फार सुंदर दिसतेस. तुझ्याशिवाय करमत नाही. लवकर ये.' सकाळ त्यात गेली. पाठवलं, आणि मग वर पाहिलं.

'उद्या येताना कपाटाची किल्ली आणा,' असं साहेबांनी त्या टिंगमध्ये कळवलं होतं, आणि जो बोलतो तो वर येतो.

उत्तर ताबडतोब आलं. 'ह्यांचा फोन माझ्या हातात आहे. निळा ड्रेस कुणाचा, हे ह्यांना नीट सांगता येत नाहीये. तुम्ही सांगता का? साहेबांची पत्नी.'

मी लगेच सविस्तर खुलासा लिहायला घेतला. संध्याकाळ झाली आहे. अंगठा 'महोदया'पर्यंत आला आहे.